गळ्यावर भिस्त ठेवणारा शाहीर: जेमस्टोन फोरमध्ये बार्डचं ट्रेनिंग कसं निवडावं

खानापूरकडे पाऊस लागला की आठ-आठ दिवस उघडीप नसते. लाईट जाते, मोबाईलच्या रेंजच्या दोन काड्या राहतात, आणि चित्रांचे मोठमोठे गेम त्या दोन काड्यांवर चालत नाहीत. जेमस्टोन फोर चालतो. हा सगळा मजकुराचा खेळ आहे. पडद्यावर इंग्रजीत वाक्यं येतात, आपण इंग्रजीत हुकूम टाईप करायचा, उत्तर पुन्हा वाक्यातच येतं. सिम्युट्रॉनिक्स कंपनीचा हा खेळ १९८८ पासून वेगवेगळ्या रूपांत चालू आहे आणि आजचं रूप २००३ सालचं. पैसे न भरताही खेळता येतो, काही बंधनं सांभाळून.

बेळगाव, खानापूर, निपाणीकडची जी पोरं माझ्याकडून हा खेळ शिकली, त्यांतल्या बहुतेकांनी पहिलं पात्र बार्डचंच घेतलं. त्याचं मला कधी आश्चर्य वाटलं नाही. ज्याच्या गावात दर एकादशीला भजन उभं राहतं आणि शिवजयंतीला डफावर थाप पडते, त्याला गाणं म्हणून शत्रूला झोपवणारा माणूस आपला वाटणारच. मी बार्डला शाहीरच म्हणतो. हा लेख फक्त एका जातीच्या शाहिरासाठी आहे: ज्याला तलवारीवर नाही, गळ्यावर जगायचं आहे. तलवारवाल्या बार्डचा हिशोब निराळा, तो इथं नाही.

आधी खिशात किती आहे ते मोजा

प्रत्येक लेव्हलला दोन प्रकारचे ट्रेनिंग पॉइंट मिळतात, फिजिकल आणि मेंटल. प्रत्येक स्किलच्या एका रँकची, म्हणजे एका पायरीची, किंमत या दोन नाण्यांत ठरलेली असते आणि पात्राच्या प्रत्येक व्यवसायाला (बार्ड, जादूगार वगैरे) ती वेगळी असते. नवा खेळाडू सरळ स्किलची यादी उघडतो आणि आवडेल त्यावर बोट ठेवतो. तसं करू नका. चौकटीची वही घ्या.

पात्र तयार करताना ताकद, चपळाई, बुद्धी अशा दहा गुणांत मिळून ६६० अंक वाटायचे असतात. समजा, सगळे सारखे ६६ ठेवले. फिजिकल पॉइंट असे निघतात: स्ट्रेंग्थ, कॉन्स्टिट्यूशन, डेक्स्टेरिटी, ॲजिलिटी यांची बेरीज, त्यात ऑरा आणि डिसिप्लिन यांच्या बेरजेची निम्मी मिळवा, २० ने भागा, वर २५ घाला. मेंटलला हाच हिशोब, फक्त पहिल्या चौघांच्या जागी लॉजिक, इंट्यूशन, विस्डम आणि इन्फ्लुएन्स. बार्डचे मुख्य गुण दोन, इन्फ्लुएन्स आणि ऑरा, आणि मुख्य गुण या हिशोबात दुप्पट धरतात. म्हणजे ६६ च्या ऑराचे १३२.

फिजिकल: चौघांचे २६४, अधिक १९८ ची निम्मी ९९, एकूण ३६३. भागिले २०, म्हणजे १८. अधिक २५, म्हणजे ४३.

मेंटल: तिघांचे १९८, इन्फ्लुएन्सचे १३२, अधिक ९९, एकूण ४२९. भागिले २०, म्हणजे २१. अधिक २५, म्हणजे ४६.

तर खिशात ४३ आणि ४६. इन्फ्लुएन्स दहाने वाढवला तर मेंटलचा एक पॉइंट वाढतो, ऑरा दहाने वाढवला तर दोन्हीकडं अर्धा-अर्धा. शिवाय बार्डचा मॅना, म्हणजे गाणी म्हणायला खर्च होणारा दम, याच दोन गुणांवर उभा असतो. म्हणून गळ्याच्या शाहिराने हे दोन वर ठेवावेत आणि स्ट्रेंग्थकडून थोडं काढून घ्यावं. मात्र कॉन्स्टिट्यूशन आणि ॲजिलिटी अगदी तळाला नेऊ नका. गुण लेव्हलबरोबर आपोआप वाढत जातात, त्यामुळं पहिल्या दिवसाचे आकडे हे कायमचे आकडे नाहीत.

एकाच लेव्हलला दुसरा रँक दुप्पट महाग

माझा सख्खा भाचा यातच फसला. एका लेव्हलमध्ये एकाच स्किलचा दुसरा रँक घेतला की त्याला दुप्पट किंमत पडते, आणि जिथं तिसरा घेता येतो तिथं चौपट. बार्डला स्पेल रिसर्चचा, म्हणजे एक नवं स्पेल (जादू; बार्डची जादू म्हणजे त्याची गाणी) शिकण्याचा, एक रँक १७ मेंटल पॉइंटला पडतो. त्याच लेव्हलला दुसरा घेतला तर ३४. दोन मिळून ५१. तुमच्या खिशात मेंटल होते ४६.

उरलेले पाच कुठून येतात? फिजिकलमधून. दोन फिजिकल मोडले की एक मेंटल मिळतो. भाच्यानं प्रत्येक लेव्हलला दोन-दोन स्पेल घेतली, वर मॅना वाढवणाऱ्या हार्नेस पॉवरचे दोन-दोन रँक, वर स्पेल एमिंग. पाचव्या लेव्हलला त्याच्याकडं दहा स्पेल होती आणि अंगावरचं चामडं नीट पेलायची ताकद नव्हती. वेनिमर्स लँडिंग गावाबाहेरच्या एका कोबोल्डनं त्याला लोळवलं. कोबोल्ड म्हणजे या खेळातला अगदी पहिल्या पायरीचा शत्रू.

"खरं मामा, स्पेलं तर माझ्याकडं त्याच्यापेक्षा जास्त हुती की," तो मला म्हणाला.

होती. पण ती गायला तो जिवंत राहिला पाहिजे ना. आम्ही दोघं दुकानाच्या काउंटरवर वही घेऊन बसलो आणि त्या रात्री जो तक्ता बनला, तोच खाली देतो आहे.

आधी एक, मग दोन

खर्च न केलेले पॉइंट पुढच्या लेव्हलला तसेच राहतात. एवढी एक गोष्ट लक्षात घेतली की सगळा हिशोब सुटतो. दोन लेव्हलची एक जोडी धरा. जोडीच्या पहिल्या लेव्हलला एक स्पेल घ्या, दुसऱ्या लेव्हलला दोन. दोन लेव्हलमध्ये तीन.

पहिली लेव्हल, मेंटल ४६. स्पेल रिसर्च १७. हार्नेस पॉवर एक रँक ५. एज्ड वेपन्स, म्हणजे धारेची हत्यारं, बार्डला ३ फिजिकल आणि १ मेंटल. दोन रँक घेतले तर मेंटलचे १ अधिक २, म्हणजे ३. परसेप्शन, म्हणजे आजूबाजूचं हेरणं, एक रँक ३. एकूण २८. उरले १८.

दुसरी लेव्हल, ४६ अधिक १८, म्हणजे ६४. दोन स्पेल ५१. हार्नेस पॉवर ५. हत्याराचा एक रँक, मेंटल १. परसेप्शन ३. एकूण ६०. उरले ४. फिजिकलचा एकही पॉइंट मोडावा लागला नाही.

आता हेच उलट करून बघा. आधी दोन स्पेल घेतली तर पहिल्याच लेव्हलला ५१, ५ आणि १ असे ५७ लागतात, हातात ४६. अकरा मेंटलसाठी बावीस फिजिकल मोडले. क्रम बदलला एवढंच, आणि बावीस पॉइंट गेले. वहीत हे लिहून झालं तेव्हा भाचा बराच वेळ त्या आकड्याकडं बघत बसला होता.

फिजिकलकडं दोन लेव्हलचे मिळून ८६ असतात. हत्याराचे तीन रँक: पहिल्या लेव्हलला ३ अधिक ६, दुसऱ्या लेव्हलला ३, म्हणजे १२. फिजिकल फिटनेस प्रत्येकी ४, दोन लेव्हलचे ८. आर्मर यूज प्रत्येकी ५, दोन लेव्हलचे १०. शील्ड यूजचेही तसेच १०. झाले ४०. उरलेल्या ४६ मधून क्लाइंबिंग आणि स्विमिंगचे थोडे रँक घ्या, कारण या जगात डोंगर आणि नद्या आहेत आणि ते येत नसेल तर शिकारीच्या कित्येक जागा बंदच राहतात. बाकीच्यातून फिजिकल फिटनेसचा दुसरा रँक. रक्त त्यानं वाढतं.

किमतींबद्दल एक पथ्य. गोल्स हा हुकूम दिला की ट्रेनिंगचं पान उघडतं आणि तुमच्या व्यवसायाची चालू किंमत तिथं दिसते. पॉइंट खर्च करायच्या आधी आकडा तिथला बघा. खेळ चालवणारे अधूनमधून बदल करतात, माझ्या वहीला ते विचारत नाहीत.

गळ्याच्या शाहिरानं हत्यार का घ्यावं?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारला जातो आणि विचारणाऱ्याच्या आवाजात थोडा राग असतो. "मी स्पेलवाला घेतलाय, तलवार कशाला?"

कारण बार्डच्या स्वतःच्या सर्कलमध्ये, म्हणजे स्पेलांच्या गटात, सुरुवातीला मारून टाकणारं गाणं नाही. एकेक बघू. १००१ होल्डिंग साँग शत्रूला जखडतं. १००५ लल्लबाय झोपवतं. १००८ स्टनिंग शाउट सुन्न करतं. ही सगळी शत्रूला बांधून ठेवणारी गाणी आहेत. झोपलेला किंवा सुन्न झालेला शत्रू स्वतःचा बचाव नीट करू शकत नाही, आणि त्या वेळात तुम्ही त्याला धारेनं संपवायचं. म्हणजे पहिली बरीच लेव्हलं गळा वाट मोकळी करतो आणि हात काम उरकतो. एका वेळी अख्ख्या खोलीवर चालणारं मोठं हल्ल्याचं गाणं, साँग ऑफ सोनिक डिसरप्शन, त्याचा क्रमांक १०३०. त्याला बार्ड सर्कलचे तीस रँक लागतात. तिथपर्यंत पोचायचं तर मधली वाट चालावी लागते, आणि ती रिकाम्या हातानं चालणारे बहुतेक जण दहाव्या लेव्हलच्या आत कंटाळून पात्र टाकून देतात. मला त्याचं वाईट वाटतं, कारण पात्र वाईट नसतं, ट्रेनिंग चुकलेलं असतं.

हत्याराचे पहिले रँक स्वस्तही पडतात आणि त्यांचा लाभही मोठा असतो. या खेळात स्किलचे पहिले दहा रँक प्रत्येकी ५ चा बोनस देतात, पुढचे दहा ४, पुढचे दहा ३, पुढचे दहा २, आणि चाळीसनंतर एकेक. म्हणजे १० रँकला ५०, २० ला ९०, ३० ला १२०, ४० ला १४०. सुरुवातीला थोडक्यात पुष्कळ मिळतं. एकच प्रकारचं हत्यार निवडा आणि त्यालाच धरून राहा. एका हातातलं धारेचं हत्यार आणि दुसऱ्या हातात ढाल, एवढं पुरे.

रुनस्टाफ नावाची जादूगाराची काठी पाहून मोह होतो. तिचा बचाव हत्याराच्या स्किलवर नाही, तर तुमच्या सगळ्या जादूच्या स्किलांचे मिळून किती रँक आहेत त्यावर चालतो. पूर्ण जादूगाराला स्पेल रिसर्च ८ पॉइंटला पडतो, आपल्याला १७ ला. त्यामुळं आपली बेरीज लवकर भरत नाही. काठी नंतर, फार नंतर.

आकर्षक नावांची स्किलं

स्पेल एमिंग. नाव वाचून वाटतं, स्पेल टाकणाऱ्याला हे हवंच. हे फेकायच्या गोळ्यांच्या नेमासाठी आहे: आगीचा गोळा, बर्फाचा गोळा. बार्डच्या स्वतःच्या गाण्यांत नेम धरून फेकायचं एकही नाही. तुमची गाणी वॉर्डिंगवर चालतात, आणि तो हिशोब असा आहे: तुमची कास्टिंग स्ट्रेंग्थ (गाण्याचा जोर), वजा समोरच्याचा टार्गेट डिफेन्स (त्याचा जादूला विरोध), त्यात समोरच्याच्या चिलखतानुसार थोडी कमी-जास्ती, अधिक शंभरपर्यंतचा एक फासा. बेरीज शंभराच्या पुढं गेली की गाणं लागलं. यात एमिंगला कुठं जागाच नाही.

कास्टिंग स्ट्रेंग्थमध्ये दर लेव्हलला ३ आपोआप वाढतात, आणि त्याच सर्कलचे रँक तुमच्या लेव्हलएवढे होईपर्यंत प्रत्येक रँकला पूर्ण १ मिळतो. वरच्या तक्त्यातली तीन स्पेल मी कुठं वाटायला सांगणार आहे त्याचं कारण हेच. बार्ड सर्कल तुमच्या लेव्हलच्या मागं पडू द्यायचं नाही. लेव्हल १२ ला बार्ड सर्कलचे १२. ही एक ओळ वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत लिहा.

ॲम्बुश, पिकपॉकेटिंग, टू वेपन कॉम्बॅट यांची नावंही लोभावणारी आहेत. तिसाव्या लेव्हलपर्यंत हात लावू नका. एक ना धड भाराभर चिंध्या म्हणतात ते याच यादीसमोर बसलेल्या माणसाला.

तीन स्पेल कुठं जातात?

बार्डला दोन सर्कल खुली असतात: स्वतःचं बार्ड सर्कल, क्रमांक १००० च्या पुढचे, आणि मायनर एलिमेंटल, क्रमांक ४०० च्या पुढचे. दोन लेव्हलमध्ये तीन स्पेलांपैकी दोन बार्डकडं, एक मायनर एलिमेंटलकडं. या चालीनं तिसाव्या लेव्हलला तुमचे पंचेचाळीस रँक होतात: तीस बार्डचे, पंधरा मायनर एलिमेंटलचे. तीस म्हणजे १०३० हातात. आणि पंधरा म्हणजे ४०१, ४०६ आणि ४१४ ही एलिमेंटल डिफेन्सची तिन्ही कवचं अंगावर. दोन्ही आकडे एकाच लेव्हलला जुळतात. हा तक्ता मला आवडतो तो त्यासाठी.

वाटेत काय काय भेटतं ते सांगतो, म्हणजे चालायला हुरूप येईल.

१००३ फॉर्टिट्यूड साँग बचाव वाढवतं. हे लवकर येतं आणि शेवटपर्यंत कामाला येतं. १००४ प्युरिफिकेशन साँग याबद्दल मी जरा जास्त बोलणार आहे, कारण नव्या खेळाडूचं पोट याच्यावर भरतं. शिकारीत खडे मिळतात. हातात खडा धरून हे गाणं म्हटलं की खडा निवळतो आणि त्याची किंमत वाढते. पण प्रत्येक वेळी जमेलच असं नाही. बिघडलं तर खडा फुटतो आणि किंमत शून्य. म्हणून स्वस्त खड्यांवर हात बसवा, महाग खडा पुढच्या लेव्हलांसाठी तिजोरीत ठेवा. भाच्यानं पहिल्याच दिवशी सगळ्यात भारी खडा काढला होता, मी थांबवलं. याच कामाच्या जोडीला लोअरसिंगिंग आहे, वस्तूला गाणं म्हणून तिच्या पोटातलं गुपित काढून घेणं. वजन काय, किंमत काय, जादू आहे का, असली तर कसली, हे टप्प्याटप्प्यानं उलगडतं. दुसरे खेळाडू आपली हत्यारं शाहिराकडं घेऊन येतात आणि वर चांदी देतात. गावच्या चौकात बसून ही सेवा द्या. ओळखी होतात, शिकारीला सोबती मिळतात, आणि इंग्रजी बोलण्याची भीड चेपते, हा मला यातला सगळ्यात मोठा लाभ वाटतो.

१०१० साँग ऑफ व्हॅलर बचाव वाढवतं, आणि १००७ काईज ट्रायम्फ साँग तुमच्याबरोबरच्यांचा हल्ला वाढवतं. शाहिराचं खरं मोल अशा वेळी कळतं: चारजण एकत्र निघाले की गाणारा एक आणि लाभ चौघांना. १०१२, १०१४ आणि १००९ ही अनुक्रमे हत्यार, चिलखत आणि ढाल ध्वनीतून उभी करतात. १०१८ साँग ऑफ पॉवर, १०१९ साँग ऑफ मिरर्स, १०२० ट्रॅव्हलर्स साँग पुढं येतात. तिसानंतरची वाट लांब आहे; १०३५ साँग ऑफ टोनिस चपळाई देतं आणि १०४० ट्रुबाडोर्स रॅली संकटात सापडलेल्या सोबत्यांना पुन्हा उभं करतं.

दम किती पुरतो

पोवाडा म्हणताना शाहीर श्वास घेतो तेव्हा झीलकरी सूर धरून ठेवतात. इथं झीलकरी नाहीत, मॅना आहे. टिकून राहणारं गाणं एकदा सुरू केलं की ठरावीक वेळानं ते आपोआप पुन्हा चालू होतं आणि दर वेळी थोडा मॅना कापून घेतं. मॅना संपला की गाणं पडतं. चार गाणी एकदम चालू ठेवणारा नवा शाहीर शत्रू समोर आला की रिकामा असतो. सुरुवातीला एक, फार तर दोन गाणी चालू ठेवा, बाकीचा मॅना हल्ल्यासाठी राखा.

मॅना वाढवणारं स्किल हार्नेस पॉवर. तुमच्या लेव्हलएवढे रँक होईपर्यंत प्रत्येक रँकला ३ मॅना मिळतात, त्यापुढच्या रँकला एकच. भाच्यानं प्रत्येक लेव्हलला दोन-दोन घेतले होते: पहिल्या रँकला पाच पॉइंटमध्ये तीन मॅना, दुसऱ्याला दहा पॉइंटमध्ये एक. हा सौदा बाजारात कुणी करणार नाही. दर लेव्हलला एक, एकही कमी नाही, एकही जास्त नाही. तिसाव्या लेव्हलला त्यातून ९० मॅना येतात. स्पेलच्या क्रमांकाचे शेवटचे दोन आकडे म्हणजे साधारण त्याची मॅनाची किंमत, म्हणजे तीस नंबरच्या गाण्याचे तीन फेरे एवढ्यातच निघतात. गुणांमुळं मिळणारा मॅना वेगळा.

मॅना पुन्हा भरतो तो वेळेनं. काही ठराविक जागांना नोड म्हणतात, तिथं बसलं की जास्त भरतो. एलिमेंटल मॅना कंट्रोल हे स्किल भरण्याचा वेग वाढवतं आणि दुसऱ्याला मॅना पाठवायला मदत करतं. चांगलं स्किल आहे, पण आपल्या तक्त्यात त्याला पहिल्या लेव्हलांना जागा नाही. दर जोडीला जे चार मेंटल उरतात ते साठवत जा. दहाव्या लेव्हलनंतर हत्याराचे जोडीला तीनऐवजी दोनच रँक घ्या, गुण वाढल्यानं पॉइंटही वाढलेले असतील. तेव्हा मॅना कंट्रोलची सुरुवात करा.

अंगावर काय घालावं

हलक्या चामड्यापासून सुरुवात. जड चिलखत स्पेलला अडथळा आणतं: मॅना जातो आणि गाणं घशातच राहतं. म्हणून दुकानातलं सगळ्यात जाड लोखंड घेऊ नका. आर्मर यूज वाढेल तसं एकेक पायरी वर चढा, आणि प्रत्येक पायरीला स्पेलचा अडथळा किती ते आधी बघा.

इथंच एक गोष्ट सांगून टाकतो. वॉर्डिंगच्या गाण्यांचा जोर तुमच्या पवित्र्यावर अवलंबून नसतो. तलवार चालवणाऱ्याला हल्ल्याच्या पवित्र्यात छाती उघडी टाकावी लागते, गाणाऱ्याला नाही. तुम्ही गार्डेडमध्ये, म्हणजे सावध पवित्र्यात, राहून गाऊ शकता. मात्र स्पेल टाकल्यावर तीन सेकंद पूर्ण डिफेन्सिव्हमध्ये, म्हणजे पूर्ण बचावाच्या पवित्र्यात, जाता येत नाही, तेवढा वेळ ढाल तुम्हाला सांभाळते. शील्ड यूजचे पाच पॉइंट मी कधीच वाचवत नाही तो याच तीन सेकंदांसाठी.

सुरुवातीच्या चुका पुसता येतात

नव्या पात्राला सुरुवातीच्या काळात ट्रेनिंग सोडून पुन्हा वाटण्याची मोकळीक असते. तोवर बिनधास्त चुका. ती मुदत गेली की रँक सोडता येतात, पण बदल हळूहळू होतो. भाच्याची पाच लेव्हलं आम्ही त्या मोकळ्या काळातच उलगडून परत विणली. तुम्हीही मुदतीच्या आत एकदा वही आणि पान शेजारी ठेवून ताळा करा: बार्ड सर्कलचे रँक लेव्हलएवढे आहेत का, हार्नेस पॉवर लेव्हलएवढा आहे का, फिजिकल फिटनेस लेव्हलपेक्षा कमी तर नाही ना. हे तीन जुळले की बाकीचं निभतं.

खेळायची वेळही निवडा. सर्व्हर अमेरिकेतला आणि खेळाडू बहुतेक तिकडचे. त्यांच्या पूर्व किनाऱ्यावर रात्रीचे नऊ वाजतात तेव्हा आपल्याकडं पहाटेनंतरचे साडेसहा, आणि त्यांच्या हिवाळ्यात साडेसात. गावात गर्दी त्या वेळी असते, जखम बरी करणारे एम्पॅथ भेटतात, मेलात तर उचलून न्यायला कुणीतरी असतं. दुपारी शिकार शांत, पण सोबत कमी. दहाव्या लेव्हलपर्यंत तरी सकाळी खेळा.

तिसाव्या लेव्हलला

इथं तक्ता बदलतो. १०३० आलं की हत्याराचे रँक थांबवा. जे आहेत ते राहू देत, अडीअडचणीला होतील. तिथून सुटलेले पॉइंट तीन ठिकाणी जातात. मॅना कंट्रोल भरून काढा. मायनर एलिमेंटल पुढं न्या, ४२५ एलिमेंटल टार्गेटिंगपर्यंत, जमलं तर ४३० एलिमेंटल बॅरियरपर्यंत. आणि लोअर म्हणजे विद्या सुरू करा.

विद्यांचा लाभ बऱ्याच स्पेलांत चढत्या पायऱ्यांनी मिळतो. पहिला फायदा १ रँकला, दुसरा ३ ला, तिसरा ६ ला, चौथा १० ला, पाचवा १५ ला, अशी एक चाल आहे. काही स्पेलांत सुरुवातच ५ पासून होते, मग ११, १८, २६, ३५. त्यामुळं १० रँक असताना ११, १२, १३, १४ घेऊन हाती काही लागत नाही, ते १५ ला लागतं. बार्डच्या कामाची हवा, टेलिपथी आणि मॅनिप्युलेशन या विद्या. तुम्ही रोज जी दोन-तीन गाणी गाता त्यांना कोणती लागू पडते ते त्या-त्या गाण्याच्या माहितीत बघा, तीच एक धरा आणि पायरीच्या आकड्यावरच थांबा.

भाचा तिसाव्या लेव्हलला गेला तो जुलैतल्या एका सकाळी. बाहेर कौलांवर पाऊस असा वाजत होता की शेजारी बसून बोललेलं ऐकू येईना. लाईट रात्रीच गेली होती, मोबाईलवर खेळत होता. तीन शत्रू एका खोलीत. त्यानं आधी चामड्याचे बंद तपासले, गार्डेडमध्ये गेला, मॅना बघितला आणि मग गाणं सोडायचा हुकूम टाईप केला: इंकँट १०३०. पडद्यावर एकामागून एक ओळी उतरू लागल्या, तीन शत्रूंच्या तीन. तो काही बोलला नाही. सगळं थांबल्यावर फोन उलटा ठेवला, काउंटरखालून चौकटीची वही काढली, नवं पान उघडलं आणि वर लिहिलं: लेव्हल ३१, स्पेल एक.